हॉर्ड की अलायन्स? वॉरक्राफ्टच्या लोरवरून होणाऱ्या भांडणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

तेच तेच प्रश्न सारखे येतात आणि दर वेळी मी पाच-सात मिनिटांची व्हॉइस नोट पाठवतो, म्हणून आता एकदाच नीट टाइप करून ठेवतोय. विषय वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम, त्याचा लोर म्हणजे त्या जगाची गोष्ट, त्यातल्या दोन फॅक्शन म्हणजे बाजू आणि त्यांच्यावरून फॅन लोकांमध्ये जी जुंपते ती. मी हॉर्डवाला आहे, टॉरेन शमन, म्हणजे बैलासारख्या दिसणाऱ्या लोकांमधला मंत्रतंत्रवाला, 2009 पासून. हे आधीच सांगून टाकतो म्हणजे मी कुठे उभा राहून बोलतोय ते तुम्हाला कळेल. पुढे सगळीकडे स्पॉयलर आहेत.

एकदम शून्यातून सांग, हॉर्ड आणि अलायन्स म्हणजे काय?

वॉरक्राफ्टची गोष्ट 1994 पासून चालू आहे, पहिला गेम होता ऑर्क विरुद्ध माणसं, सरळ लढाई. मग 1995 ला दुसरा, 2002 ला तिसरा, आणि 23 नोव्हेंबर 2004 ला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट आला, ज्यात तुम्ही स्वतः त्या जगात एक कॅरेक्टर बनून राहायला लागलात. कॅरेक्टर बनवतानाच बाजू ठरते. अलायन्समध्ये तेव्हा माणूस, ड्वार्फ, नाइट एल्फ आणि नोम, हॉर्डमध्ये ऑर्क, ट्रोल, टॉरेन आणि फोरसेकन म्हणजे मेलेले पण परत शुद्धीवर आलेले लोक. 2007 च्या बर्निंग क्रुसेड या एक्सपान्शनमध्ये, म्हणजे गेमला जोडलेल्या नव्या भागात, अलायन्सला ड्रेनाय मिळाले, हॉर्डला ब्लड एल्फ, आणि पुढे यादी वाढतच गेली.

आता महत्त्वाचं. या दोन बाजूंना एकमेकांशी बोलताच यायचं नाही. म्हणजे नियम म्हणून नाही, खरंच भाषाच वेगळी. मी हॉर्डकडून 'लोल' टाइप केलं की समोरच्या अलायन्सवाल्याला 'केक' असं दिसायचं, आणि त्याचं 'लोल' मला 'बर' दिसायचं. एक नाइट एल्फ समोर उभा आहे, हात हलवतोय, काहीतरी लिहितोय, आणि तुम्हाला नुसती अगम्य अक्षरं दिसतायत, आता याला मारायचं की सोडायचं हे तुम्ही तीन सेकंदात ठरवायचं. माझ्या मते पुढची सगळी भांडणं इथून सुरू होतात.

मग वाईट कोण? एका शब्दात.

एका शब्दात नाही सांगता येणार आणि जो सांगतो त्याने एकच बाजू खेळलेली असते, हे मी इतक्या वर्षांत शंभर वेळा बघितलंय.

उदाहरण देतो. कॅटाक्लिझममध्ये, म्हणजे 2010 च्या एक्सपान्शनमध्ये, बॅरन्समधलं कॅम्प टॉराहो हे टॉरेनांचं ठाणं अलायन्सने जाळलं. आता टॉराहो म्हणजे माझ्यासाठी काय, तर नवीन टॉरेन असताना कातडी सोलायचं काम तिथे शिकलेलो, तिथल्या इनमध्ये लॉगआउट करायचो, लांबून ते तंबू दिसले की हायसं वाटायचं. एक्सपान्शन आल्यावर गेलो तर राख, प्रेतं, आणि लुटारू सामान उपसतायत. मग हॉर्डच्या क्वेस्टमधून, म्हणजे गेमने दिलेल्या कामगिरीतून, आम्ही ते जाळणाऱ्या अलायन्सच्या जनरल हॉथॉर्नला मारलं आणि मला तेव्हा अजिबात वाईट वाटलं नाही.

नंतर कधीतरी अलायन्सचं कॅरेक्टर घेऊन तोच भाग खेळलो. तिकडे तोच हॉथॉर्न सांगतो की तो शिकाऱ्यांचा तळ होता, तिथे लढवय्ये तयार होत होते, म्हणून ते लष्करी ठिकाण होतं, पण साध्या लोकांची कत्तल नको म्हणून त्याने वेढ्यात मुद्दाम वाट सोडली होती. लोक त्या वाटेने पळाले आणि पुढे क्विलबोर या रानडुकरांसारख्या टोळ्यांच्या तावडीत सापडले. म्हणजे मी ज्याला मारलं तो त्या सगळ्या फौजेत त्यातल्या त्यात सभ्य माणूस होता, आणि माझ्या बाजूच्या क्वेस्टने मला हे कळूच दिलं नाही. टॉराहो जळलं ते चूकच, मी अजूनही तेच म्हणतो. पण हॉथॉर्नला राक्षस म्हणणं मी बंद केलं.

ऑर्क तर बाहेरून आले, त्यांचा अझेरॉथवर हक्कच काय?

अलायन्सवाल्यांचं हे सगळ्यात आवडतं वाक्य, आणि त्यात तथ्य आहे. ऑर्क ड्रेनॉर या दुसऱ्या जगाचे, डार्क पोर्टल या जादूच्या दारातून अझेरॉथमध्ये, म्हणजे गेमच्या मुख्य जगात आले आणि माणसांचं स्टॉर्मविंड उद्ध्वस्त केलं, हे गेमच सांगतो. पण कोण आलं ते पण बघा ना. गुलदान या ऑर्क मांत्रिकाच्या नादाने त्यांच्या सरदारांनी मॅनोरॉथ या राक्षसाचं रक्त प्यायलं आणि ती नशा टोळ्याच्या टोळ्यांना चढली. हरल्यानंतर जे उरले ते छावण्यांमध्ये कोंडले गेले, आणि थ्रॉल तर माणसांच्याच किल्ल्यात गुलाम म्हणून वाढला, त्याच्या नावाचाच अर्थ गुलाम. तोच पुढे या लोकांना सोडवून समुद्रापलीकडे कालिमडोरला घेऊन जातो, ओसाड लाल मातीत राज्य वसवतो, त्याला बापाच्या नावावरून डुरोटार म्हणतो आणि राजधानीला ऑर्ग्रिम डूमहॅमरच्या नावावरून ऑर्ग्रिमार.

म्हणजे पहिल्या पिढीचा गुन्हा खरा आहे, पण गेममध्ये तुम्ही जो ऑर्क बनवता तो दुसऱ्या पिढीचा. त्याने काय फेडायचं आणि किती वर्षं फेडायचं, हा प्रश्न मला खरा वाटतो, 'परत जा' हा नाही, कारण परत जायला ड्रेनॉर राहिलंच नाही, त्याचे तुकडे झाले.

ब्रोकन शोरला हॉर्ड पळून गेली का?

हा प्रश्न आला की मी खुर्ची ओढून बसतो, कारण दोन फॅक्शनची गोष्ट कशी सांगायची याचं याहून चांगलं उदाहरण मला आजपर्यंत सापडलेलं नाही.

2016, लीजन हे एक्सपान्शन सुरू होतानाची लढाई. दोन्ही बाजू मिळून राक्षसांच्या फौजेवर चाल करतात, अलायन्स खाली किनाऱ्यावर, हॉर्ड वर कड्यावर, फोरसेकनांची राणी सिल्व्हानस, तिचे तिरंदाज वरून बाण मारून खालच्यांना वाचवतायत. आणि मग एकाएकी वर शिंग वाजतं आणि हॉर्ड निघून जाते. खाली अलायन्सवाल्यांना एवढंच दिसतं. वर बघायचं तर कडा रिकामा. अलायन्सचा गेन ग्रेमेन दगा दगा म्हणून ओरडतो, आणि थोड्या वेळाने अलायन्सचा राजा वॅरियन रिन आपल्या माणसांचं उडतं जहाज सुटावं म्हणून स्वतः खाली उडी मारतो, गेनच्या हातात मुलासाठी एक पत्र देऊन. तो मरतो. तुम्ही ते बघता. मग शिंगाचा आवाज तुमच्या डोक्यातून कसा जाणार?

आता तीच दहा मिनिटं वरून बघा. मागून राक्षसांचा लोंढा येतो, थ्रॉल आधीच कोसळलाय, वॉरचीफ म्हणजे हॉर्डचा प्रमुख व्होलजिन, त्याच्या अंगात भाला आरपार, आणि तो सिल्व्हानसला सांगतो की हॉर्डला आज इथे मरू देऊ नकोस. म्हणून ती शिंग वाजवते. पुढे व्होलजिन पण त्या जखमेने जातो. कोणी कोणाला दगा दिलेला नाही.

माझा मामेभाऊ अलायन्सवाला, मला गेम त्यानेच दाखवला, सांगलीला मामाकडे गेलो की त्याच्याच कॉम्प्युटरवर मी हॉर्डचं कॅरेक्टर केलं कारण त्याच्या बाजूला राहायचं नव्हतं. ब्रोकन शोरनंतर आमचं फोनवर खरंखुरं वाजलं. तो म्हणत होता तुम्ही आमच्या राजाला मारलंत, मी म्हणत होतो आमचा वॉरचीफ गेला त्याचं काय. कितीतरी महिने विषय निघाला की आवाज चढायचा. शेवटी दिवाळीत भेटलो तेव्हा लॅपटॉप समोरासमोर ठेवून एकमेकांचा भाग खेळायला दिला. दादा वरचा भाग खेळून संपेपर्यंत एक शब्द बोलला नाही आणि मग एवढंच म्हणाला, "शिंग का वाजलं ते आम्हाला कोणी सांगितलंच नाही रे." तेव्हापासून कोणी वाद घालायला आलं की माझा पहिला प्रश्न एकच असतो, दुसऱ्या बाजूने खेळलायस का.

टेल्ड्रासिलवरून अजून का भांडता? झाली ना इतकी वर्षं.

झाली, 2018 ची गोष्ट. पण ज्याचं घर जळलं त्याला वर्षं मोजून दाखवायची नसतात.

नवीन मंडळींसाठी, टेल्ड्रासिल म्हणजे नाइट एल्फांचं प्रचंड झाड, त्याच्यावर त्यांची राजधानी डार्नासस. 2004 पासून जो कोणी नाइट एल्फ बनवायचा त्याचा खेळ त्या झाडावरच सुरू व्हायचा, ते जांभळट उजेडातलं जंगल, पहिल्या क्वेस्ट, पहिला धनुष्यबाण, सगळं तिथे. नोव्हेंबर 2017 ला बॅटल फॉर अझेरॉथ या एक्सपान्शनची घोषणा झाली तेव्हाच कळलं होतं की झाड जळणार, पण जाळणार कोण ते सांगितलं नव्हतं. महिनोन्महिने आम्ही थिअऱ्या मांडत बसलो, कोणी म्हणे अपघात असेल, कोणी म्हणे तिसऱ्याच कोणीतरी पेटवलं असेल. हॉर्डवाल्यांना मनातून वाटत होतं की असलं आपल्याकडून करून घेणार नाहीत.

आणि मग ते आलं. योजना हॉर्डचा म्हातारा ऑर्क सेनापती सॉरफँग याची होती, झाड ताब्यात घ्यायचं, म्हणजे अलायन्समध्ये फूट पडेल. क्वेस्टमध्ये आम्ही डार्कशोअरचा किनारा गाठेपर्यंत हाच समज. मग व्होलजिननंतर वॉरचीफ झालेल्या सिल्व्हानसचं मरणाऱ्या एका एल्फ कॅप्टनशी बोलणं होतं, ती एल्फ म्हणते की तू आशा मारू शकत नाहीस, आणि सिल्व्हानस मागे वळून म्हणते, जाळून टाका.

अलायन्सकडून याच्या पुढची क्वेस्ट म्हणजे जळत्या डार्नाससमध्ये शिरून लोकांना बाहेर काढायचं. घड्याळ चालू आहे, स्क्रीनवर धूर, आकडा शेकड्यांत आणि तुम्ही पळूनपळून वाचवता मूठभर. ती क्वेस्ट पूर्ण होऊच शकत नाही, तशीच बनवलीये. मी नंतर दादाच्या शेजारी बसून ती बघितली, त्याचा हात माउसवर नुसता आपटत होता, एकापाठोपाठ एक माणसं उचलतोय आणि आकडा हलतच नाहीये.

वाद तिथे आहे. झाड जळालं म्हणून कोणी चिडत नाही, युद्धाची गोष्ट आहे, शहरं जळणारच. चिडतात कशासाठी, तर हॉर्ड खेळणाऱ्याला कोणी विचारलंच नाही. किनाऱ्यापर्यंत माझ्या हाताने नेलं आणि मग आग लावताना माझा हात धरला. पुस्तकात एखादं पात्र वाईट वागलं तर मी वाचक असतो, इथे तो शमन माझा आहे, नऊ वर्षं मीच चालवला होता.

पण मी हॉर्ड खेळतो म्हणून मला का बोल लावता? मी थोडीच जाळलं!

बरोबर आहे तुमचं, आणि जे लोक खेळाडूला खुनी वगैरे म्हणतात त्यांच्याशी मी वाद घालत नाही, उठून जातो. फॅक्शन तुमची, निर्णय लेखकांचा. फक्त एक करा, समोरचा नाइट एल्फवाला बोलत असेल तर 'गेमच आहे यार' म्हणू नका. तुम्हाला टॉराहोबद्दल कोणी असं म्हटलं असतं तर?

सिल्व्हानसच्या बाजूने राहायचा पर्याय होता ना?

होता. बॅटल फॉर अझेरॉथमध्ये हॉर्ड खेळाडूला सॉरफँगबरोबर जायचं की सिल्व्हानसशी एकनिष्ठ राहायचं हे निवडता यायचं. कल्पना मला खूप आवडली होती. पण शेवट दोन्हीकडे एकच झाला, फार तर एखाददुसरा संवाद आणि एखादी भेट वेगळी. निवड दिली आणि तिला वजन दिलं नाही, हे मला निवड न देण्यापेक्षा जास्त लागलं.

सॉरफँगची गोष्ट लोक इतकी का मानतात?

कारण तो एकटाच असा आहे ज्याने मान्य केलं. म्हाताऱ्याने तरुणपणी रक्त प्यायलं, पोर्टलमधून आला, स्टॉर्मविंडची लढाई केली, आणि आयुष्यभर त्याचं ओझं वागवलं. टेल्ड्रासिलची योजना पण त्याचीच, त्यामुळे तो हात झटकू शकत नाही आणि झटकत पण नाही. सप्टेंबर 2019 च्या सिनेमॅटिकमध्ये, म्हणजे गेमच्या छोट्या फिल्ममध्ये, तो ऑर्ग्रिमारच्या दारासमोर सिल्व्हानसला एकास एक लढाईचं आव्हान देतो. जिंकणार नाही हे सगळ्यांना माहीत, त्याला पण. त्या आधी थ्रॉल त्याला आपली कुऱ्हाड देतो आणि वॅरियनचा मुलगा अँड्युइन त्याला शालामेन देतो, म्हणजे वॅरियनची तलवार, मेलेल्या बापाची. अलायन्सचा राजा ऑर्कच्या हातात बापाची तलवार ठेवतो! मी रात्री दोनला हे बघितलं आणि दादाला तेव्हाच फोन लावला, तो पण जागाच होता.

सॉरफँग मरतो, पण मरायच्या आधी सिल्व्हानसच्या तोंडून काढतो की हॉर्ड तिच्यासाठी काहीच नाही. ते अख्ख्या फौजेसमोर. त्यानंतर हॉर्डला वॉरचीफ राहिला नाही, मंडळ आलं.

काही लोक म्हणतात की ही तर गॅरोश या आधीच्या वॉरचीफचीच गोष्ट परत, 2013 मध्ये सीज ऑफ ऑर्ग्रिमारला आम्ही आमच्याच वॉरचीफला पाडलं होतं अलायन्सचं थेरामोर शहर उडवल्याबद्दल आणि बाकी सगळ्याबद्दल, मग तेच दुसऱ्यांदा कशाला. त्यांचं म्हणणं मला पटतं. एकाच बाजूला दर थोड्या वर्षांनी स्वतःचा नेता पाडायला लावायचा आणि दुसऱ्या बाजूला फक्त सहन करायला लावायचं, याने दोन्हीकडचे कंटाळतात. अलायन्सवाले तर उलट तक्रार करतात की आमच्या गोष्टीत काही घडतच नाही, आम्ही फक्त हॉर्डच्या गोष्टीत मार खायला असतो.

शॅडोलँड्सबद्दल तुझं मत?

थोडक्यात सांगतो कारण अजून त्रास होतो. 2020 ला हे एक्सपान्शन आलं, मेल्यानंतरचं जग, कल्पना जबरदस्त, जागा सुंदर. पण मागच्या वीस वर्षांच्या गोष्टीमागे जेलर नावाच्या एका नव्या माणसाचा हात होता असं सांगितलं, आणि त्याने लिच किंग, म्हणजे मेलेल्यांच्या फौजेचा राजा, याच्यापासून सिल्व्हानसपर्यंत सगळ्यांच्या स्वतःच्या चुका त्यांच्याकडून काढून घेतल्या. चूक पात्राची असेल तरच त्याच्याबद्दल भांडता येतं.

आर्थसने स्ट्रॅथोमला केलं ते बरोबर होतं का?

आला का हा प्रश्न, हा आल्याशिवाय गप्पा संपत नाहीत. 2002 च्या वॉरक्राफ्ट 3 मधली गोष्ट, अँडोरहालहून आलेलं धान्य बाधित, खाणारा मरून झाँबी होणार, राजपुत्र आर्थस शहरात पोचतो तर धान्य वाटून झालेलं. तो म्हणतो अख्खं शहर साफ करायचं. त्याचा गुरू उथर नाही म्हणतो, त्याच्याबरोबरची जादूगार जेना पाठ फिरवून निघून जाते. आणि मग मिशन तुमच्या हातात येतं, मॅलगॅनिस या राक्षसाच्या आधी तुम्हाला शंभर बाधितांना मारायचा आकडा गाठायचाय, कोपऱ्यात दोघांचे आकडे पळतायत. मी पहिल्यांदा खेळलो तेव्हा लहान होतो, घाईत घरं फोडत होतो आणि मॅलगॅनिस पुढे जाईल याचीच भीती होती. आत माणसं होती हे मिशन संपल्यावर लक्षात आलं.

माझं मत असं की स्ट्रॅथोमवर दोन्ही बाजूंनी बोलता येतं, औषध नव्हतं, वेळ नव्हता. पण लोक तिथेच अडकतात आणि पुढचं विसरतात. उत्तरेच्या बर्फाळ नॉर्थरेंडला गेल्यावर वडिलांचा परत या म्हणून आदेश येतो, तेव्हा आर्थस भाडोत्री लोकांकडून स्वतःचीच जहाजं जाळून घेतो आणि वर आपल्या सैनिकांना सांगतो की यांनीच जाळली, मारा यांना. तिथे कुठला रोग नव्हता आणि घाई पण नव्हती. आर्थस हातातून गेला तो तिथे. स्ट्रॅथोमवर दोन तास बोलणाऱ्याला मी नेहमी म्हणतो, जहाजांपर्यंत ये, मग बोलू.

रेटकॉन म्हणजे काय आणि त्यावर एवढा राग का?

आधी सांगितलेली गोष्ट नंतर बदलणं. सगळ्यात गाजलेलं म्हणजे ड्रेनाय. वॉरक्राफ्ट 3 च्या मॅन्युअलमध्ये लिहिलं होतं की एरेडार नावाच्या राक्षसांमुळे सार्गेरास हा टायटन, म्हणजे देवांसारख्या लोकांपैकी एक, बिघडला. बर्निंग क्रुसेडमध्ये उलटं झालं, सार्गेरासनेच एरेडारांना बिघडवलं आणि जे पळाले ते ड्रेनाय. लोकांनी लगेच पकडलं. ख्रिस मेट्झन, ज्याने हे लिहिलं होतं, त्याने सरळ कबूल केलं की मॅन्युअलमधलं मीच लिहिलेलं आणि विसरलो. मला तो माणूस त्या दिवसापासून आवडतो. आणि खरं सांगायचं तर नवीन गोष्ट जुन्यापेक्षा चांगलीच निघाली.

दुसरा किस्सा 2010 च्या ब्लिझकॉनचा, म्हणजे गेम बनवणाऱ्या कंपनीच्या फॅन मेळाव्याचा. प्रश्नोत्तरांच्या वेळी लाल शर्ट घातलेला एक मुलगा माइकपाशी आला आणि विचारलं की आयर्नफोर्ज या ड्वार्फांच्या शहराच्या तीन हातोड्यांच्या मंडळात वाइल्डहॅमर या ड्वार्फ कुळाकडून त्यांचा नेता फाल्स्टाड का नाही. व्यासपीठावरून उत्तर आलं, तो मेलाय ना? पोरगा म्हणाला नाही, तो गेममध्येच आहे. आणि तो बरोबर होता! कंपनीने चूक दुरुस्त केली, फाल्स्टाडला मंडळात आणलं, आणि त्याच्या शेजारी लाल शर्टवाला एक ड्वार्फ उभा केला, वाइल्डहॅमर फॅक्ट चेकर. आयर्नफोर्जला गेलात तर बघून या. फॅन लोकांच्या बारकाव्याला गेमने दिलेली यापेक्षा चांगली पावती मी बघितली नाही.

पुस्तकात एक आणि गेममध्ये दुसरं असेल तर खरं कुठलं?

गेममधलं. पण 2016 पासून क्रॉनिकल नावाचे या जगाच्या इतिहासाचे जे जाडजूड खंड आले ते आम्ही सगळ्यांनी प्रमाण मानले होते, वाद झाला की पान काढून दाखवायचं. नंतर बनवणाऱ्यांनी सांगितलं की ते टायटनांच्या नजरेतून लिहिलंय, म्हणजे त्यातलं सगळंच खरं असेल असं नाही. पुष्कळ जण भडकले, पैसे मोजून घेतलेली पुस्तकं होती. मला निम्मं पटलं. कोण सांगतंय त्यावर गोष्ट बदलते हे तर मी वर इतकं लिहिलंच आहे. पण ते पहिल्या पानावर सांगायला हवं होतं, नंतर नाही.

दुसऱ्या गेममध्ये पण असंच आहे का?

पद्धती वेगळ्या. डार्क एज ऑफ कॅमलॉट 2001 चा, त्यात तीन राज्यं, अल्बियन, मिडगार्ड आणि हायबर्निया, आणि तीन बाजू असल्या की एक जड झाली तर बाकी दोन तिच्यावर तुटून पडतात, दोनच बाजू असल्यावर हे होत नाही. एल्डर स्क्रोल्स ऑनलाइनमध्ये पण तीन आघाड्या आहेत पण ऑक्टोबर 2016 नंतर कुठलाही खेळाडू कुठेही फिरू शकतो. एल्डर स्क्रोल्सचं मला सगळ्यात काय आवडतं तर गेममधली पुस्तकं. ती कोणीतरी त्या जगातल्याच माणसाने लिहिलेली असतात, एक लेखक एक सांगतो, दुसरा नेमकं उलटं. फायनल फँटसी 14 मध्ये तीन ग्रँड कंपन्या आहेत पण त्या खेळाडूंना एकमेकांपासून तोडत नाहीत, तिथलं भांडण कुठलं पात्र चांगलं यावर जास्त.

आता दोन्ही बाजू एकत्र रेड करतात, मग फॅक्शन उरल्या का?

31 मे 2022 च्या पॅचपासून, म्हणजे अपडेटपासून, हॉर्ड आणि अलायन्स एकत्र डंजन आणि रेड, म्हणजे गटाने करायच्या लढाया, करू शकतात, आणि 2023 ला गिल्ड, म्हणजे खेळाडूंचे संघ, पण एकत्र झाले. काही जुने लोक म्हणाले की वॉर गेलं तर वॉरक्राफ्टमध्ये उरलं काय. माझं मत वेगळं आहे. इतकी वर्षं दादा आणि मी एकच गेम खेळत होतो आणि कधी एका डंजनमध्ये नव्हतो. त्या आठवड्यात पहिल्यांदा त्याचा ड्वार्फ आणि माझा टॉरेन शेजारी उभे राहिले, मी त्याला हील दिलं आणि त्याचा हिरवा बार माझ्या हाताने भरत गेला. ते बघून मला कुठे काही संपल्यासारखं वाटलं नाही.

आणि नाइट एल्फांना पण घर मिळालं, ड्रॅगनफ्लाइटमध्ये नवीन झाड अमिरड्रासिल, त्याच्या पायथ्याशी बेलामेथ.

भारतातून खेळतो, कुठली बाजू घेऊ?

भारतात सर्व्हर नाही, त्यामुळे आधी कुठे मित्र आहेत ते बघा, बाजू नंतर. युरोपच्या सर्व्हरवर रेड रात्री आठला असेल तर आपल्याकडे उन्हाळ्यात साडेअकरा वाजलेले असतात आणि हिवाळ्यात साडेबारा, सकाळी ऑफिस असेल तर घरच्यांशी आधी बोलून घ्या. बाजू मनाने घ्या, ज्या शहरात शिरल्यावर थांबावंसं वाटतं ती तुमची.

लोर कुठून सुरू करू? खूपच आहे.

वॉरक्राफ्ट 3 पासून, 2003 च्या फ्रोझन थ्रोनसकट. मग गेम, वीस लेव्हलपर्यंत फुकट आहे. जुनं टेल्ड्रासिल बघायचं असेल तर डार्कशोअरला झिडॉर्मी नावाची एक बाई उभी असते, तिच्याशी बोललात की ती तुम्हाला आगीच्या आधीच्या काळात नेते. एकटे जा आणि वेळ काढून जा.

एकच सीन दाखवायचा असेल तर कुठला दाखवशील?

आइसक्राउन सिटाडेल म्हणजे लिच किंगचा किल्ला, डिसेंबर 2009 चा पॅच, चौथा बॉस. नाव डेथब्रिंगर सॉरफँग, पण हा म्हातारा सॉरफँग नाही, त्याचा मुलगा ड्रॅनॉश. राथगेटच्या लढाईत मारला गेला आणि लिच किंगने त्याला उठवून आपल्या दारावर उभा केला.

हॉर्डकडून खेळलात तर बाप तुमच्याबरोबर येतो आणि सगळं झाल्यावर मुलाजवळ गुडघे टेकतो. सांगतो की पोर्टलमधून निघताना याला मागे ठेवून आलो होतो, ड्रॅनॉश म्हणजे ड्रेनॉरचं हृदय, आता याला नाग्रांडला नेणार, त्याच्या आईपाशी.

अलायन्सकडून खेळलात तर बॉस पडतो आणि लांबून हॉर्डचं जहाज येताना दिसतं. अलायन्सचा ड्वार्फ मुरादिन सगळ्यांना शस्त्रं उचलायला सांगतो. जहाजातून म्हातारा एकटा उतरतो आणि म्हणतो, तुझ्यामागे माझ्या एकुलत्या एक मुलाचं प्रेत आहे, मला कोणी अडवू शकत नाही. मुरादिन वाट सोडत नाही. तेवढ्यात जेनाबरोबर राजा वॅरियन येतो, तोच वॅरियन ज्याला ऑर्क डोळ्यासमोर नको असायचे, आणि तो मुरादिनला बाजूला व्हायला सांगतो, दुःखात असलेल्या बापाला जाऊ दे म्हणतो. सॉरफँग मुलाला उचलतो, राजाला म्हणतो की ही दया मी विसरणार नाही. तो गेल्यावर वॅरियन जेनाला विचारतो, रडतेस का, आणि ती म्हणते काही नाही, माझ्या राजाचा अभिमान वाटला.

आधी तुमच्या बाजूने बघा, मग दुसऱ्या. दहा वर्षांनी ऑर्ग्रिमारच्या दारात त्याच म्हाताऱ्याच्या हातात वॅरियनची तलवार येते तेव्हा हे सगळं आठवतं.